ठेका ग्रिडवर चोख, तरी लाकडी वाजतो: कुठून तपासत जायचं

गेली आठ-नऊ वर्षं मी भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि गणपतीची गाणी यांच्यासाठी घरच्या संगणकावर ठेके बसवते. तबला, ढोलकी, ढोल-ताशा, झांज, आणि हल्ली सगळ्यांनाच हवा असलेला ड्रमसेटचा किक-स्नेअर. दुसऱ्यांनी बसवलेले ठेके दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: "ताई, सगळ्या नोट्स बरोबर रेषेवर आहेत, तरी मशीनसारखं वाजतंय." या रेषा म्हणजेच ग्रिड: स्क्रीनवर मात्रा आणि त्यांचे भाग दाखवणारी आखणी.

"मशीनसारखं" या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात. त्यातले काही दोन मिनिटांत सुटतात, काहींना अख्खी संध्याकाळ लागते. माझी कळकळीची विनंती एवढीच, की ह्युमनाइझ किंवा रँडमाइझचं बटण सगळ्यात आधी दाबू नका. त्या बटणाने प्रत्येक नोट थोडी इकडेतिकडे हलते आणि मूळ दोष त्या गर्दीत हरवतो. मग तो शोधणं दुप्पट कठीण होतं. माझ्याकडे आलेल्या कित्येक फायलींत मला आधी ते रँडम काढून टाकावं लागलं आणि मगच खरं दुखणं दिसलं.

लक्षणं: तुमचं नेमकं कोणतं?

ठेका लावा, डोळे मिटा, स्क्रीनकडे बघू नका. हाताने टाळी देत दोन मिनिटं ऐका. मग यातलं काय जुळतं ते ठरवा.

- ठेका अधूनमधून अडखळतो, पण दर वेळी वेगळ्या जागी. पुन्हा लावला की तीच जागा नीट वाजते.
- ठेका लंगडतो, आणि दर आवर्तनात (तालाच्या प्रत्येक फेरीत) त्याच मात्रेवर लंगडतो.
- सुरुवातीला गाण्याबरोबर असतो, मिनिटभराने सुटतो.
- वेळेत आहे, पण सपाट आहे. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आली ते कळतच नाही.
- काही ठोके पोकळ, डबड्यातून आल्यासारखे वाजतात.
- जलद जागा, म्हणजे तिरकिट किंवा ताशाची तर्री, शिवणयंत्रासारखी वाजते.
- हाताने वाजवलं तेव्हा छान होतं, क्वांटाइझ केल्यावर (नोट्स आपोआप रेषेवर ओढल्यावर) जीव गेला.

पहिलं लक्षण असेल तर दोष ठेक्यात नाही, संगणकात आहे. दुसरं आणि तिसरं असेल तर वेळेत गडबड आहे. बाकीची जोराची, आवाजाच्या निवडीची किंवा तालाच्या समजुतीची. खालचा क्रम मी मुद्दाम फुकट आणि सोप्या तपासण्यांपासून लावला आहे. मधलं काही गाळू नका. सातव्या तपासणीत तासभर घालवून शेवटी पहिलीतच दोष निघाला, असं माझ्या डोळ्यांसमोर अनेकदा झालं आहे.

१. ऐकताय कशावर?

ब्लूटूथ हेडफोन काढा. तारेचे लावा. ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानात येणं ही रोजची गोष्ट आहे. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रांच्या वेगाला) एका मात्रेचा चौथा भाग सुमारे १६७ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे पॅडवर (संगणकाला जोडलेल्या, बोटांनी वाजवायच्या बटणांवर) बोट मारल्यावर आवाज जवळजवळ एक घर उशिरा येतो. मग आपला हात नकळत पुढे पळायला लागतो आणि नोंद झालेला ठेका विचित्र होतो. नुसतं ऐकताना हा उशीर सगळ्या वाद्यांना सारखाच असतो, म्हणून तो जाणवत नाही. वाजवून नोंद करताना घात होतो. एका मुलाने महिनाभर पॅड बदलायचा विचार केला होता. दोनशे रुपयांच्या तारेच्या हेडफोनने त्याचं काम झालं.

त्यानंतर ठेका डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल साध्या प्लेअरवर, शक्य झालं तर मोबाइलवरही ऐका. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण तिच्यातून सरळ हो किंवा नाही मिळतं. फाइल स्वच्छ वाजली तर नोट्स ठीक आहेत आणि वाजवताना संगणकाची दमछाक होते आहे. बफर, म्हणजे वाजवण्याआधी संगणक आवाज जमवून ठेवतो तो साठा, वाढवा. ४४,१०० हर्ट्झला १२८ सँपलचा (इथे सँपल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ चा सुमारे १२ आणि १०२४ चा सुमारे २३. पॅडवर वाजवताना बफर लहान ठेवायचा, माउसने नोट्स बसवताना किंवा मिक्स करताना मोठा. एक्स्पोर्ट केलेली फाइलही त्याच जागी लंगडत असेल, तर पुढे चला.

२. सगळे प्लगइन बंद करून एकदा ऐका

ठेक्याच्या ट्रॅकवरचे आणि मास्टरवरचे सगळे इफेक्ट बायपास, म्हणजे तात्पुरते बंद, करा. काही इक्वलायझर आणि लिमिटर आवाज थोडा अडवून, पुढचं बघून मग सोडतात. सॉफ्टवेअर हा उशीर सहसा आपोआप भरून काढतं, पण ती भरपाई एखाद्या प्रोजेक्टमध्ये बंद राहिलेली असू शकते. मग ढोलकी जागेवर आणि झांज तिच्या मागून, असं होतं. बायपास केल्यावर ठेका सुधारला तर एकेक प्लगइन परत चालू करत जा. दोषी लगेच सापडतो.

३. एकावर एक बसलेल्या नोट्स

लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) चालू ठेवून थरावर थर रेकॉर्ड करायची सवय असेल तर ही तपासणी तुमच्यासाठीच आहे. एकाच जागी एकाच आवाजाच्या दोन नोट्स असतील तर स्क्रीनवर एकच दिसते. तंतोतंत एकत्र असतील तर ठोका नुसता मोठा येतो. पण एखाद्या मिलिसेकंदाचा फरक असेल तर दोन्ही लहरी काही जागी एकमेकींना खातात. १ मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज पडतो, आणि तबल्या-ढोलकीचं अंग तर तिथेच असतं. त्यामुळे ठोका पोकळ वाटतो.

संशयित नोट माउसने बाजूला ओढा. तिच्याखाली दुसरी निघाली तर दोष मिळाला. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी नोट्स एकदम पुसायची सोय असते, ती मिडीच्या, म्हणजे नोट्सच्या, मेनूत शोधा.

४. लूपचा वेग खरंच तेवढाच आहे का

मिनिटभराने ठेका सुटतो, या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. फाइलच्या नावात ९० लिहिलेलं असतं म्हणून लूप ९० चा असतोच असं नाही. हिशेब सोपा आहे: लूपमधल्या मात्रा गुणिले ६०, भागिले लूपची लांबी सेकंदांत. १६ मात्रांचा लूप ९० ला १०.६७ सेकंदांचा यायला हवा. तो १०.७२ चा असेल तर त्याचा खरा वेग ८९.५५ आहे. हा फरक कागदावर नगण्य वाटतो, पण तुकडे एकामागे एक चिकटवत गेलात की मिनिटभरात पाव सेकंदाहून जास्त अंतर पडतं. तेवढ्यात गायिका समेवर आलेली असते आणि ठेका अजून वाटेत असतो.

लूप ताणून वेगात बसवता येतो, पण ताणायची पद्धत तालवाद्याची निवडा. सूर ताणण्यासाठी असलेली पद्धत लावली तर ठोक्याचं टोक पसरतं आणि चाट मऊ होते. ९० चा लूप १२० ला ओढायला जाऊ नका. तिथे ठोके सुटे करून नव्याने बसवलेले बरे.

५. सँपलच्या तोंडाशी असलेली शांतता

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दर आवर्तनात त्याच मात्रेवर लंगडणाऱ्या ठेक्यांत मला हा दोष वारंवार सापडला आहे, आणि स्क्रीनवर तो अजिबात दिसत नाही.

सॉफ्टवेअर नोट बरोबर रेषेवर सोडतं. पण नोट सुटते म्हणजे सँपलची, त्या ठोक्याच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाची, फाइल पहिल्या क्षणापासून वाजायला लागते. त्या फाइलच्या तोंडाशी २० मिलिसेकंद शांतता असेल तर ठोका २० मिलिसेकंद उशिरा पडणार. सगळ्या सँपलना सारखीच शांतता असती तर पूर्ण ट्रॅक तेवढा मागेपुढे सरकवून भागलं असतं. पण "ना" ला ३, "गे" ला ११ आणि झांजेला ३० असेल, तर तुमचा ठेका ग्रिडवर तंतोतंत बसूनही तीन वेगळ्या वेळांना वाजतो. घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून कापलेल्या ठोक्यांत हे हटकून होतं.

एका भजनी मंडळाचे काका मला म्हणाले होते, "ठेका मागे ओढतोय, पाय जड झाल्यासारखा." मी दोन दिवस तबल्याच्या नोट्स हलवत बसले. काकांचा कान अचूक होता, बघत मीच चुकीच्या ठिकाणी होते. तबला नीट होता. प्रत्येक समेवर त्याच्याबरोबर पडणारी झांज उशिरा येत होती आणि कान समेची जागा झांजेवरून ठरवत होता. झांजेच्या फाइलची पुढची रिकामी जागा कापली, बाकी कशालाही हात लावला नाही. ठेका चालायला लागला.

तपासायचं असं: प्रत्येक सँपल सँपलरमध्ये (सँपल वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) उघडा, लहरीची सुरुवात पूर्ण मोठी करून बघा. लहर उठते तिथपर्यंत सुरुवातीची खूण आणा. खूण लहर शून्य रेषेला छेदते तिथे ठेवा, किंवा मिलिसेकंदभराचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ) द्या, नाहीतर "टक" असा आवाज येईल.

यात एक बारकावा आहे. सगळे आवाज एकाच चालीने उठत नाहीत. तबल्याची किनार, ताशाची काडी, ढोलावरचं टिपरू लगेच टोकाला पोचतात. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या भांड्याचा) घुमारा, घुंगरांचा झुबका, शेकर यांना भरायला वेळ लागतो. त्यांची फाइल अगदी तोंडापासून कापली तरी कानाला ते मागेच वाटतात. अशा आवाजांच्या नोट्स मी ५ ते १५ मिलिसेकंद लवकर आणते. किती ते आकड्यावरून ठरवत नाही. मेट्रोनोमच्या ठोक्याबरोबर एकटा तो आवाज लावते आणि दोन आवाजांचा एक होईपर्यंत सरकवते.

सरकवताना नोट मोठ्या उड्या मारत असेल तर प्रोजेक्टचं मिडी रेझोल्यूशन, म्हणजे एका मात्रेचे किती बारीक भाग पडतात ते, बघा. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ते सुरुवातीला ९६ असतं. म्हणजे ९० बीपीएमला सगळ्यात लहान पाऊल जवळपास ७ मिलिसेकंदांचं. ९६० केलं की ते ०.७ वर येतं. रीपरमध्ये ९६० मुळातच असतं.

६. ग्रिड कोणत्या तालाचं लावलंय?

सॉफ्टवेअर उघडलं की ४/४ आणि सोळाव्या भागांचं ग्रिड समोर येतं. केरवा त्यात बसतो. दादरा बसत नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा ४/४ च्या चौकटीत टाकल्या तर मेट्रोनोम भलत्याच मात्रेवर जोर देत राहतो, तुमचा कान त्याच्या मागे जातो, आणि तुम्ही नकळत चुकीच्या मात्रा ठळक करता. दादऱ्याला ६/८ लावा, रूपकला ७/४ किंवा ७/८, झपतालाला ५/४ ची दोन घरं नाहीतर १०/८.

६/८ लावल्यावर बीपीएमच्या आकड्याकडेही बघा. बहुतेक सॉफ्टवेअर बीपीएम चतुर्थांश नोटने मोजतात, आणि तुमची मात्रा तर अष्टमांशावर आहे. मिनिटाला २४० मात्रा हव्या असतील तर आकडा १२० ठेवायचा.

हाताने छान वाजवलेलं क्वांटाइझने मरतं तेही इथेच. केरव्याचा झोल, म्हणजे ठोके किंचित मागेपुढे पडून येणारी डुलती चाल, पुष्कळदा सरळ सोळाव्या भागात नसतो आणि तीन सारख्या भागांतही नसतो, दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. पूर्ण क्वांटाइझ केलं की ते मधलं अंतर पुसलं जातं. अनडू करा. क्वांटाइझची ताकद ५० ते ७० टक्क्यांवर ठेवून पुन्हा करून बघा. एवढ्याने चुका आवरतात आणि झोल उरतो.

७. जोर: सगळे ठोके एकाच ताकदीचे आहेत का

मिडीत प्रत्येक नोटचा जोर १ ते १२७ मध्ये मोजला जातो. माउसने टाकलेल्या नोट्स एकाच जोराने पडतात, बहुधा १०० च्या आसपास. कोणताही वादक असं वाजवत नाही, आणि वाजवायचं ठरवलं तरी त्याला ते जमणार नाही, कारण डाव्या-उजव्या हाताचं वजन वेगळं, बोटाचं आणि तळव्याचं वेगळं.

आधी एक चाचणी. एकाच आवाजाच्या दोन नोट्स टाका, एक ३० च्या जोराची, एक १२० ची. दोन्ही सारख्याच ऐकू आल्या तर तुमचा सँपलर जोराकडे लक्षच देत नाही आणि तुम्ही कितीही आकडे बदललेत तरी फरक पडणार नाही. सँपलरमध्ये जोर आणि आवाजाची पातळी यांचा दुवा जोडा. आवाजाला एकच थर असेल तर जोराचा दुवा फिल्टरलाही जोडा, म्हणजे हलका ठोका नुसता बारीक न होता थोडा मंदही होईल. खरा हलका ठोका तसाच असतो, त्यात चमक कमी असते.

साध्या केरव्यासाठी मी सुरुवात अशी करते:

धा ११०, गे ६८, न ९२, ती ७४
न ८२, क ४५, धि १००, न ७२

या आकड्यांना पाठांतर करू नका. चाल बघा. सम सगळ्यात वजनदार, सातव्या मात्रेचा "धि" तिच्या खालोखाल, आणि सहाव्याचा "क" जेमतेम. तो "क" कोणाला ऐकू येत नाही असं वाटतं, पण बंद करून बघा, ठेका लगेच पांगळा होतो. किक-स्नेअरच्या ठेक्यातही स्नेअरचे हलके मधले ठोके हेच काम करतात.

"धा" म्हणजे दोन्ही हात. तुमच्याकडे उजवा आणि डावा वेगळे सँपल असतील तर दोन्ही नोट्स एका रेषेवर न ठेवता ३-४ मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. दर वेळी तेवढंच, आणि दर वेळी त्याच क्रमाने.

८. खाली हरवली आहे का

सम कळत नाही, सगळं सपाट वाटतं, जोर नीट असूनही गाणं उचललं जात नाही: मग डावा हात बघा. पाश्चात्त्य ढंगाच्या लूपमध्ये किक चारही मात्रांवर चालते. ती सवय घेऊन आपण केरवा बसवतो आणि डग्गा आठही मात्रांत घुमत ठेवतो. मग भरी (डग्गा बोलतो तो भाग) आणि खाली (डग्गा गप्प असतो तो भाग) यांत फरकच राहत नाही.

केरव्यात पहिल्या मात्रेला टाळी आणि पाचवीला खाली. "धा गे" ला डग्गा बोलतो, त्याचा घुमारा "न ती" वर विरत जातो. पाचव्या "न" ला डग्गा गप्प असतो, सहाव्या "क" ला तो हाताने दाबलेला असतो, आणि सातव्या "धि" ला तो परत येतो. पाच आणि सहा या मात्रांवरची ती मोकळी जागा आहे म्हणूनच "धि" परत आल्याचं समाधान मिळतं, आणि तोच "धि" पुढच्या समेकडे ढकलतो. लूप कितीही महागड्या लायब्ररीतला असो, ही मोकळी जागा भरून टाकली की तो आठ मात्रांचा ताल राहत नाही, चार-चारचं घण वाजवणं होतं.

म्हणून पाचव्या-सहाव्यावरचा डग्गा काढा आणि ऐका. मग बास गिटार किंवा सिंथ बास तिथे काय करतोय तेही ऐका. तबल्याने रिकामी ठेवलेली जागा बासने भरली तर परिणाम तोच.

९. शेपट्या कापल्या जातात का

डग्ग्याचा उघडा "गे" घुमत असतानाच दाबलेला "क" पडला, तर खऱ्या डग्ग्यावर घुमारा तिथेच थांबतो, कारण चामडं एकच आहे. सँपलरला ते माहीत नसतं. तो दोन्ही आवाज एकत्र वाजवतो आणि खालचा भाग गढूळ होतो. सँपलरमध्ये चोक ग्रुप किंवा म्यूट ग्रुप असतो. एका चामड्यावरचे सगळे आवाज एका गटात टाका. डग्ग्याचे एका, तबल्याचे दुसऱ्या. ड्रमसेटमध्ये उघडी आणि बंद हायहॅट अशीच एका गटात असतात.

तिरकिट आणि ताशाची तर्री शिवणयंत्रासारखी वाजायचं कारण म्हणजे तोच एक सँपल भराभर पुन्हा येणं. एकाच आवाजाचे निदान तीन वेगळे सँपल आलटून पालटून लावा. तीन नसतील तर एकाचाच सूर जरासा वरखाली करून दोन प्रती बनवा. ताशाच्या दोन काड्या दोन हातांत असतात, म्हणून जोर १००, ८२, ९६, ७८ असा आळीपाळीने ठेवा. ढोलातही टिपरू आणि थाप हे वेगळ्या आवाजांचे आणि वेगळ्या हातांचे ठोके आहेत, एकाच सँपलवर दोन्ही भागवू नका.

१०. स्विंग

आता स्विंगला हात लावायला हरकत नाही. स्विंग म्हणजे जोडीतला दुसरा ठोका ठरलेल्या प्रमाणात उशिरा सोडणं. रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय दिली, पुढे १९८८ मध्ये आकाईच्या एमपीसी६० मधून ती सगळीकडे पोचली. त्या पद्धतीत ५० म्हणजे सरळ आणि ६६ म्हणजे तीन सारख्या भागांची चाल. ९० बीपीएमला सोळाव्या भागांवर ५४ लावलं तर दुसरा ठोका सुमारे १३ मिलिसेकंद मागे जातो, ५८ लावलं तर सुमारे २७. भावगीताच्या अंगाच्या केरव्याला मी ५३ ते ५७ मध्येच फिरते. ६० च्या पुढे गेलं की चाल दुडकी होते.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्विंगचा आकडा शून्यापासून सुरू होत असेल तर तिथलं शून्य म्हणजे इथलं ५०. आकडे जसेच्या तसे उचलू नका.

दोन गडबडी नेहमी सापडतात. पॅटर्नवर स्विंग, वर पूर्ण प्रोजेक्टवरही स्विंग, त्यामुळे दुप्पट झोल. किंवा तबल्याला स्विंग आणि हार्मोनियम, बास सरळ, त्यामुळे भांडण. दुसऱ्या प्रकारात लोक तबल्यालाच दोष देतात. सगळ्या वाद्यांना एकच स्विंग लावून आधी ऐका.

ह्युमनाइझ अजूनही हवंच वाटत असेल तर वेळेत ३ ते ५ मिलिसेकंद आणि जोरात ५-६ अंकांच्या आत ठेवा. समेला त्यातून वगळा. कसलेला वादक इकडेतिकडे सांडत नाही. तो "न" थोडा मागे ठेवतो तर प्रत्येक आवर्तनात मागेच ठेवतो, आणि तीच त्याची ओळख असते. रँडमला असा स्वभाव नसतो.

११. लय बांधून ठेवली आहे का

भजन सुरू होतं त्याच लयीत संपत नाही. ध्रुपदाला परत येताना मंडळी किंचित चढतात, शेवटी तर उघड दुगुण होते. टेम्पो ट्रॅक उघडा आणि कडव्याकडून ध्रुपदाकडे जाताना एक-दोन बीपीएम चढवा. चढ एका मात्रेत न देता दोन-तीन आवर्तनांत पसरवा. सगळ्यात वेळखाऊ तपासणी हीच, कारण ऑडिओ लूप वापरले असतील तर तेही बरोबर ताणले जाताहेत का ते प्रत्येक ठिकाणी ऐकावं लागतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

काही गोष्टी घरी करायच्या नाहीत. ऑडिओ इंटरफेस किंवा माइकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर लगेच सगळं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडायचा किंवा टाळायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्या पिनवर तुमचा जीव आहे. इंटरफेस उघडायचा नाही. आणि रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकच ट्रॅक लावूनही, बफर वाढवूनही आवाज तुटत असेल, तर संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. ठेक्याच्या नोट्स हलवून तो दोष जाणार नाही.

किक, डग्गा आणि बास एकमेकांत इतके मिसळलेत की एकाला वर काढलं की दुसरा बुडतो, आणि खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात वेगळंच ऐकू येतं, असं असेल तर मिक्स इंजिनिअरला दोन तास द्या. बिनउपचाराच्या खोलीत खालचे सूर खरे कळत नाहीत. तिथे स्वतःच्या कानावर भिस्त ठेवून आठवडा घालवू नये.

आणि वादक. गायिकेने मेट्रोनोमशिवाय, मोकळ्या लयीत आधीच गाऊन ठेवलं असेल, तर तिच्यावर ग्रिड लादू नका, वादकाला बोलवा. लावणी असेल तर पहिल्याच दिवशी बोलवा. तिथे ढोलकी घुंगरांशी बोलते, पावलाला उत्तर देते, मध्येच थांबून डिवचते. हे आधी लिहून ठेवता येत नाही. मी प्रयत्न केले आहेत, चार-चार दिवस दिले आहेत, आणि शेवटी ढोलकीवाल्या दादांनी दोन टेकमध्ये जे दिलं ते माझ्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं. माझा नियम: अकराही तपासण्या झाल्या, वर दोन तास गेले, तरी मंडळातलं कोणी मान डोलावत नसेल, तर फोन उचलायचा. मानधन आधी ठरवायचं आणि त्याच दिवशी द्यायचं.

वादक दुसऱ्या गावी असेल आणि त्याच्याकडूनच रेकॉर्ड होऊन यायचं असेल तर त्याला तीन फायली पाठवा: ठेक्याशिवायचं गाणं, नुसता मेट्रोनोम, आणि तुमचा बसवलेला ठेका फक्त कल्पना यावी म्हणून. तिन्ही डब्ल्यूएव्ही, तिन्ही शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, पुढे दोन आवर्तनांची रिकामी मोजणी ठेवलेली. फाइलच्या नावात बीपीएम, ताल आणि गाण्याची पट्टी लिहा, कारण ढोलकी-तबला त्याला त्या सुरात लावावा लागतो. परत आलेली फाइलही शून्यावरच ठेवायची, आणि ती क्वांटाइझ करायची नाही.